देवासाठी ठेवलेली खुर्ची

गल्लीत तिला सगळे खुर्चीवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण खुर्च्यांवरच तिचं पोट होतं. लोकांच्या दबलेल्या, फाटलेल्या, कुरकुरणाऱ्या खुर्च्या तिच्या दुकानात यायच्या. ती त्यांचं कापड उसवायची, आतला जुना काथ्या झटकून काढायची, खालचे पट्टे नव्याने ताणायची, स्प्रिंगा दोरीने बांधायची आणि वर नवं कापड चढवून खुर्ची परत पाठवायची. या कामात इतकी वर्षं गेली होती की माणूस न बघता नुसती बैठक बघून ती सांगायची, हा कडेवर बसतो, म्हणजे घरात याचं कोणी ऐकत नाही. एका वकिलाच्या खुर्चीची पुढची कड तेवढी झिजलेली पाहून ती म्हणाली होती, साहेब कोर्टात कसे उभे राहतात देव जाणे, घरात तर सारखे पळायच्या तयारीत असतात. वकीलीणबाई हसून हसून बेजार झाली, आणि वकील पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत मायलेकी राहायच्या. तिथे जेवायच्या टेबलाला लागून एक खुर्ची होती. ती विकायची नव्हती आणि तिच्यावर बसायचंही नव्हतं. गडद हिरवं कापड, उंच पाठ, दोन्ही बाजूंना हात. घरात माणसं दोन आणि खुर्च्या तीन. नवखा माणूस सवयीने तिकडे वळला की खुर्चीवाली म्हणायची, तिथे नको, ती देवाची आहे. हे ती इतक्या सरळपणे म्हणायची की माणूस मुकाट्याने स्टुलावर बसायचा.

रीत तिच्या नवऱ्याची. ते होते तेव्हा घरात काही ठरवायचं असलं, मग ते दुकान घ्यायचं असो की लेकीला शाळेत घालायचं, ते हाताशी येईल ती खुर्ची टेबलाजवळ ओढायचे. कधी एखाद्या गिऱ्हाइकाची, अर्धी उसवलेली, स्प्रिंगा वर आलेली. "ही त्याची," म्हणायचे. "आधी त्याला बसू दे, मग आपण बोलू." मग दोघं काय ते बोलायची, एकमेकांशी नव्हे, त्या रिकाम्या खुर्चीला ऐकू जाईल असं. बोलून झालं की गप्प बसायचं. शेवटी ते बारीकसं खोकायचे आणि म्हणायचे, "करू या." नाहीतर म्हणायचे, "घाई नको." खुर्ची गिऱ्हाइकाकडे परत जायची आणि घरात तसं व्हायचं.

"करू या" क्वचित आणि "घाई नको" फार वेळा. माणूस भला होता, पण भित्रा. धाकटा भाऊ होडीतून पडून गेला तेव्हापासून पाण्याचा त्यांनी असा धसका घेतला होता की पुलावरून जातानाही डोळे मिटून बसायचे. उजवा खुबा लहानपणी मोडलेला, त्यामुळे बसताना सगळा भार डावीकडे टाकायचे. त्यांची कुठलीही बैठक बघता बघता डावीकडे बसायची. बायको कुरकुर करत त्यांच्या खुर्चीचे डावीकडचे पट्टे दुहेरी घालायची आणि म्हणायची, तुम्ही एकटेच माझं दुकान चालवाल.

मग एका थंडीत ते गेले. छातीत दुखत होतं तेव्हाही म्हणाले होते, घाई नको, उद्या दाखवू डॉक्टरला. उद्या उजाडला तो त्यांच्याशिवाय.

दफनाहून परतल्यावर शेजाऱ्यांनी आणलेलं जेवण टेबलावर तसंच राहिलं आणि खुर्चीवाली दुकानात जाऊन कामाला लागली. लोक म्हणाले, करू द्या, रडत बसण्यापेक्षा बरं. तिने चांगल्या लाकडाचा सांगाडा काढला आणि देवासाठी खुर्ची बांधायला घेतली. आता मिळेल ती खुर्ची ओढायला नको. एक कायमची असावी, सगळ्यात चांगली, जिच्यावर कोणी बसलेलं नाही आणि कधी कोणी बसणार नाही. डोळे सुजले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. हात मात्र चालत होते, हातांना काम पाठ होतं. खुर्ची झाली तेव्हा लेक म्हणाली, "फार सुंदर झाली, आई." आणि का कोण जाणे, बोलता बोलता लेकीच्या अंगावर काटा आला.

पहिला प्रश्न दुकानाचा होता. चालवावं की बंद करावं? ती त्या खुर्चीसमोर बसली, मनातलं बोलली आणि गप्प झाली. त्या गप्पपणात कोणीतरी बारीकसं खोकलं आणि म्हणालं, "चालू ठेव."

आवाज नवऱ्याचा होता. ती घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. तिने मनाशी पक्कं धरलं की देव दयाळू आहे. दुःखात बुडालेल्या बाईशी तो परक्या आवाजात कशाला बोलेल? ओळखीच्या आवाजात बोलतो, इतकंच. हे तिने चर्चच्या पाळकांनाही सांगितलं नाही. चांगल्या गोष्टीची वाच्यता केली की ती हातची जाते, अशी तिची आपली समजूत.

त्यानंतर ती बारीकसारीक गोष्टीही विचारू लागली. छप्पर गळतंय, आत्ता कामाला माणसं बोलवावीत का? घाई नको. शेजारचं रिकामं दुकान घेऊन काम वाढवावं का? घाई नको. छप्पर गळत राहिलं आणि शेजारच्या दुकानात चपलावाला आला. तिला त्याची खंत नव्हती. खोकला ऐकला की तिच्या जिवात जीव यायचा. उत्तर काय मिळालं हे तिला दुय्यम होतं, आवाज आला म्हणजे तिचं सगळं आलं.

खुर्चीची बैठक मात्र दबत चालली होती. जिच्यावर कोणी बसत नाही ती बैठक दबायचं काही कारण नव्हतं. आणि दबत होती ती डावीकडे. फरशीच उतरती आहे, असं म्हणून तिने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. जगभरच्या बैठका वाचणाऱ्या बाईने या एका बैठकीकडे नीट पाहायचं टाळलं. लेक टेबल पुसताना त्या बाजूने कधी जायची नाही, लांबून हात करून पुसायची. विचारलं तर म्हणायची, "तिथे गार लागतं."

मग मास्तरांनी लेकीला मागणी घातली. मास्तर त्यांच्याच चर्चमधले, गणित शिकवणारे, बोलायला लाजरे, उपासना संपली की लेकीची सायकल धरून उभे राहणारे. सायकल कशाला धरायची हे त्यांनाही माहीत नव्हतं. लेकीचा त्यांच्यावर किती जीव होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मास्तरांची बदली लांबच्या गावी झाली होती, लग्न करून दोघं तिकडे जाणार होती. लेक म्हणाली, "आई, तू आधी विचार. प्रभू हो म्हणाला तरच."

खुर्चीवालीने विचारलं. खोकला आला, आणि पाठोपाठ, "घाई नको." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. तिने लेकीला बोलावलं आणि सांगितलं, "प्रभू नाही म्हणतो." खरं तर नाही कोणीच म्हटलं नव्हतं. पण लांबचं गाव म्हणजे लेक वर्षातून एकदा दिसणार, हे तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि "घाई नको" चं "नाही" कधी झालं ते तिला स्वतःलाही कळलं नाही. लेकीने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं." मास्तर एकटे गेले, वर्षभराने तिकडेच त्यांचं लग्न झालं. लेकीने त्यावर चकार शब्द काढला नाही. ती सुईणीचं काम शिकली, दवाखान्यात लागली. दिवसभर दुसऱ्यांची बाळं हातांत झेलायची, घरी आली की हात धुऊन मुकाट्याने जेवायला बसायची. तिच्या ताटाकडे बघत खुर्चीवाली स्वतःला समजवायची की देवाच्या मनात काहीतरी असेल.

आता पाण्यापलीकडून बोलावणं आलं होतं. समोरच्या बेटावर नवं प्रसूतिगृह निघत होतं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना हीच सुईण हवी होती. बेटावरच्या अडलेल्या बायकांना होडीत घालून इकडच्या काठावर आणावं लागायचं आणि त्यातल्या काही वाटेतच जायच्या. लेक हे सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते खुर्चीवालीने मास्तर गेल्यापासून पाहिलं नव्हतं. रविवारच्या उपासनेनंतर काय ते कळवायचं होतं.

"तुला जायचंय का?" तिने विचारलं.

"मला काय वाटतं ते राहू दे. आधी तू विचार. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही."

"माझ्या नव्हे गं. देवाच्या."

"तेच," लेक म्हणाली आणि कामावर गेली.

त्याच दुपारी पाळक आले, चर्चच्या बाकांना गाद्या करायच्या होत्या त्यांची मापं द्यायला. पाळक अंगाने भले थोरले आणि उन्हातून चालत आलेले. पाणी प्यायला मागच्या खोलीत आले आणि धापा टाकत नेमके हिरव्या खुर्चीकडे वळले.

"तिथे नको. ती देवाची आहे."

पाळक अर्धे वाकले होते ते तसेच थांबले. "मी त्याचाच नोकर. मी बसलो तर तो रागावणार नाही, पण तुम्ही रागवाल." ते स्टुलावर बसले, स्टूल केविलवाणं कुरकुरलं. "पण ही डावीकडे का दबलीय? प्रभूचंही वजन वाढलं की काय?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिच्या डोक्यात लेकीच्या जाण्याचंच होतं, म्हणून तिने त्यांना सांगून टाकलं की ती इथे बसून सगळं देवाला विचारते, याही वेळी विचारणार आहे. खोकल्याचं तेवढं सांगितलं नाही.

"आणि उत्तर मिळतं?"

"मिळतं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

पाळकांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही भाग्यवान. मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, पण इतकं लख्ख उत्तर मला एकदाच मिळालं, आणि तेही मला नको असलेलं. मला या गावात यायचंच नव्हतं." ते मिश्कीलपणे हसले, मग म्हणाले, "एक विचारतो, मनावर घेऊ नका. तुम्हाला नको असलेलं उत्तर त्याने कधी दिलंय का?"

ती आठवू लागली. छप्पर गळत राहिलं होतं, पण तिलाच घरात कामाची माणसं नको होती. शेजारचं दुकान हातचं गेलं होतं, पण तिलाच एवढा व्याप नको होता. मास्तर. तिथे आली आणि तिने आठवायचं थांबवलं. पाळक मापांचा कागद देऊन निघून गेले. प्रश्न मात्र मागेच राहिला.

शनिवारी लेक कामावर असताना भर दुपारी ती खुर्चीसमोर बसली. बेटाचं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, होडीतल्या बायकांचं सांगायला लागली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खोकला आला.

"पाण्यापलीकडे नको."

"पण तिला मनापासून..."

"नको म्हणतो ना. होडी उलटते. पोर जाईल गं. तू एकटी पडशील."

आवाज थरथरत होता. तिला आधी हायसं वाटलं. पोर राहणार होती. संध्याकाळी दोघी जेवायला बसणार होत्या, उद्या आणि परवाही. ती उठली, आणि अर्ध्या वाटेतून मागे वळून खुर्चीकडे पाहू लागली.

देव घाबरला होता. रागावलेल्या देवाबद्दल ती लहानपणापासून ऐकत आली होती, रडणाऱ्या देवाबद्दल ऐकत आली होती. पाण्याला घाबरणारा देव तिला कोणी कधी सांगितला नव्हता. पाणी त्यानेच तर केलेलं. पाण्याला असं घाबरणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता आणि त्याच्याशी संसार केला होता.

काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने तिला जे येत होतं ते केलं. खुर्ची उचलून दुकानात नेली, कामाच्या बाकावर उलटी घातली आणि खालचं कापड उसवलं. आत हात घातला. उजवीकडचे पट्टे एकेरी होते. डावीकडचे दुहेरी.

ते तिने कधी घातले हे तिला आठवेना. तिने माप टाकलं. बैठकीची उंची त्यांच्या गुडघ्याला येईल एवढी. हात त्यांची कोपरं टेकतील तिथे. पाठीचा उतार त्यांच्या पाठीला मानवेल असा. सुजलेल्या डोळ्यांनी ती देवासाठी खुर्ची करत होती आणि तिच्या हातांना एकच माप पाठ होतं. कपडा बेतावा तशी तिने देवाची जागा नवऱ्याच्या अंगावर बेतली होती. मग तिथे येऊन दुसरं कोण बसणार होतं? आणि ते दुहेरी पट्टेही आता सैल पडले होते. वजन पडल्याशिवाय पट्टे सैल पडत नाहीत, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

तिने खुर्ची सरळ केली आणि जमिनीवर ठेवली. बैठक वर आली होती, सपाट. मग तिच्या डोळ्यांदेखत डावी बाजू हळूच खाली गेली.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हीच ना?"

बारीकसा खोकला आला.

"इतके दिवस तुम्हीच?"

"तू जागा केलीस. मी बसलो."

"मी देवाला विचारत होते."

"मला विचारत होतीस," आवाज म्हणाला, अगदी मायेने. "तो काही बोलेपर्यंत तू कधी थांबलीस का? मी खोकलो की उठायचीस."

भर दुपारी, रस्त्यावर गाड्यांचे आवाज चालू असताना, तिला दातांवर दात वाजतील अशी थंडी वाजत होती.

"आणि मास्तरांना का अडवलंत?"

"पोर घरात राहिली ना. तुझ्याजवळ राहिली."

"तिचं काय झालंय ते दिसतं का तुम्हाला?"

"मला इथून टेबल दिसतं," आवाज म्हणाला. "आणि तू."

ते वाईट नव्हते. जिवंत होते तेव्हाही नव्हते. त्यांना फक्त भीती वाटायची. माणूस गेला की त्याची भीतीही त्याच्याबरोबर संपते, असं ती धरून चालली होती. तसं काही दिसत नव्हतं. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की एवढं कळूनही त्यांनी जाणं तिला नको होतं. बसू देत बापडे, तिच्या मनात आलं. कोणाला कळतंय? लेकीला 'नाही' सांगितलं की ती 'बरं' म्हणेल. टेबलाशी पुन्हा तिघं होतील, आणि रोज विचारायला काहीतरी सापडेल.

तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"उठा," ती म्हणाली.

"उठलो की मला परत येता येणार नाही. मग तू कोणाला विचारशील?"

"उठा. ही जागा तुमची नाही. माप घ्यायला मी चुकले, तुमचा दोष नाही. पण उठा आता." ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. "तुमच्यावाचून मला करमत नाही हो. म्हणूनच उठा."

बराच वेळ काही झालं नाही. मग डावीकडच्या स्प्रिंगा एकेक करून वर आल्या, कण्हत, दुखऱ्या खुब्याचा माणूस हातांवर जोर देऊन उठतो तशा. कापडावरची सुरकुती गेली. खुर्ची नुसती खुर्ची उरली. खुर्चीवाली जमिनीवर बसून मोठ्याने रडली, कारण तिचा नवरा त्या थंडीत नव्हे, आज मेला होता.

लेक कामावरून आली आणि नळावर हात धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "काय म्हणाला प्रभू?"

"मी त्याला विचारलं नाही."

"अजून उद्याचा दिवस आहे."

"आजचं नव्हे. मी त्याला कधीच विचारलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. खोकला, आवाज, पट्टे, सगळं. नळ तसाच वाहत राहिला. आईला वेड लागलंय असं लेक म्हणेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

"तिथे कोणीतरी बसतं हे मला माहीत होतं," लेक म्हणाली. "मला वाटायचं देवच आहे. म्हणून तर मला देवाची इतकी भीती वाटायची." तिने नळ बंद केला. "मास्तरांच्या वेळीही बाबाच?"

"तेव्हा बाबांनीही नाही म्हटलं नव्हतं. घाई नको म्हणाले. नाही मी म्हटलं."

लेक होती तिथेच खाली बसली. ओले हात तिने मांडीवर उघडे ठेवले, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते.

"मी मास्तरांना सांगितलं, देवाची मर्जी नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले, देवाची मर्जी नसेल तर मी काय बोलू? आम्ही दोघं त्याच्यावर विश्वास ठेवून गप्प बसलो, आई. आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं."

खुर्चीवालीने तोंड उघडलं. माफ कर, हे शब्द तोंडात आले आणि इतके तोकडे वाटले की तिने ते तसेच गिळले. लेक उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आतलं स्पष्ट काही ऐकू येत नव्हतं. मध्येच हुंदका, मध्येच पुटपुटणं, आणि मग नुसती शांतता. बाहेर खुर्चीवाली स्टुलावर बसून होती. दाराला कान लावायचा मोह तिने आवरला. आयुष्यात पहिल्यांदा या घरातला एक प्रश्न तिच्या हातून न जाता थेट वर चालला होता, आणि उत्तर तिच्या मनासारखं येईल याची तिला कोणीही हमी देणार नव्हतं.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय म्हणाला?" खुर्चीवालीच्या तोंडून निघून गेलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. मी त्याला सगळं सांगितलं. मला जायचंय हे सांगितलं. भीती वाटते हे सांगितलं. तुझ्यावर किती राग आहे तेही सांगितलं. तो गप्प होता. पण ऐकत होता, आई. ऐकतंय कोणी आणि नुसतं बसलंय कोणी, यातला फरक मला आज कळला."

"मग आता?"

"मग मी जाते. मनात दुसरं काही येत नाही, आणि लपवून असं त्याच्यापासून मी काही ठेवलेलं नाही. चुकत असले तर तो वळवेल. तेवढा भरवसा ठेवायचा, दुसरं काय?"

ती चुकत नाही असं खुर्चीवालीला म्हणता आलं असतं, आणि चुकतेय असंही. ती गप्प राहिली. तिच्या स्वभावाच्या बाईला ते किती जड गेलं असेल हे गल्लीतलं कोणीही सांगेल.

जायच्या आधीच्या दिवसांत दोघींनी बॅग भरली, गळकं छप्पर एकदाचं दुरुस्त करून घेतलं. हिरवी खुर्ची तिने पुरती उसवली, पाळकांच्या मापाने नव्याने बांधली आणि त्यांच्या घरी पोचती केली. ते तिच्यावर मनसोक्त बसतात आणि प्रवचनाची तयारी करताना मनसोक्त झोपतात, असं पाळकांची बायको सांगते.

निघायच्या सकाळी धक्क्यावर वारा होता. पाणी खवळलेलं होतं, निदान खुर्चीवालीला तरी तसं दिसलं. बोटीत चढणारी माणसं हसत-बोलत होती, एक बाई तर फळीवर उभी राहून वेणी घालत होती. लेकीने बॅग आईच्या हातून घेतली.

"राग गेला का गं?" खुर्चीवालीने विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "बरोबर घेऊन चाललेय. तिकडे रोज थोडा थोडा त्याच्या पायाशी ठेवीन. किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही." मग तिने आईच्या गालावर हात ठेवला, सुईणीचा धीट, उबदार हात, आणि बोटीत गेली.

बोट सुटली. लाटेवर चढली, खाली गेली, दिसेनाशी झाली असं वाटेपर्यंत पुन्हा वर आली. खुर्चीवाली धक्क्याच्या टोकाशी उभी होती. पोर नीट पोचेल की नाही हे तिला सांगणारं आता कोणी राहिलं नव्हतं. होता तो एकच, आणि त्याने तिला आजवर एक शब्दही सांगितला नव्हता. तिने पदर खांद्याभोवती लपेटला आणि वाऱ्यात उभ्या उभ्या ती त्याच्याशी बोलू लागली.